गरज कोणाची? प्रयोगशाळेतील मुके जीव आणि आपली अमानत




हा लेख म्हणजे एका उत्तराची दुरुस्ती आहे. उत्तर मी दिले होते, घाईने दिले होते आणि ते अपुरे होते. धर्माच्या बाबतीत अपुरे उत्तर देणाऱ्याने ते जेवढ्यांसमोर दिले त्याहून अधिक लोकांसमोर सुधारावे, असे आमचे उस्ताद सांगत. म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे मांडत आहे.

मी शिरूरला इमामत करतो. आठवड्यातून एकदा न्हावरा-चौफुला मार्गे दौंडला जाऊन तेथील मुलामुलींसाठी दर्स घेतो. एका संध्याकाळी दर्स संपल्यावर एक मुलगी वडिलांसह थांबली. वडील रेल्वेत नोकरीला, मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात. तिच्या हातात एक अर्ज होता. प्रबंधासाठी तिला पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करायचा होता आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागणार होती. घरात मतभेद झाले होते. आजी म्हणत होती, मुक्या जीवाचा तळतळाट घेऊ नकोस. भाऊ म्हणत होता, आपण बकरी ईदला बोकड कापतो, मग उंदराचे काय घेऊन बसलीस? वडिलांनी विचारले, "मौलाना, शरीअत काय म्हणते?"

मी म्हणालो, "माणसाच्या भल्यासाठी आहे ना? मग जायज आहे. बिस्मिल्लाह म्हणून कामाला लागा."

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग तिने अर्जातील एका रकान्यावर बोट ठेवले. "मौलाना, इथे विचारले आहे की प्राणी किती लागतील आणि तेवढेच का. मला ३६ लिहायला सांगितले आहे. का, तर मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने ३६ लिहिले होते. मला ज्या वनस्पतीच्या अर्काचा परिणाम पाहायचा आहे, त्यावर असे प्रयोग आधीही झाले आहेत. मग ही गरज रुग्णाची आहे, की माझ्या पदवीची?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. बस चुकेल असे निमित्त सांगून मी निघालो. परतीच्या वाटेवर उसाच्या शेतांमधून गाडी जात असताना तो एकच शब्द मनात घोळत राहिला : गरज. आम्ही फिकहच्या वर्गात वर्षानुवर्षे ज्या शब्दाचा अभ्यास केला, त्याचा खरा अर्थ एका विद्यार्थिनीने अर्जाच्या रकान्यात शोधला होता.

घोड्याचे उपकार

प्रयोगांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय या प्रश्नाला न्याय मिळणार नाही, आणि ती मी स्वतः पाहिली आहे.

एका पावसाळ्यात आमच्या मस्जिदीतील एका नमाजी भावाच्या मुलाला रात्री उसाला पाणी देताना घोणस चावली. आधी कोणीतरी मंत्र घालणाऱ्याकडे नेण्याची गोष्ट काढली. सुदैवाने त्याच्या आईने ती मानली नाही आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला थेट दवाखान्यात आणले. पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होते. रात्रभर सलाईनमधून प्रतिविषाच्या कुप्या जात राहिल्या. फज्रच्या सुमारास रक्त गोठू लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या बापाने तिथेच सजदा केला.

त्या डॉक्टरांनीच मला समजावले की हे प्रतिविष कारखान्यात रसायने मिसळून होत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचतात. मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाशी लढणारे घटक तयार होतात. मग त्याचे रक्त काढून त्यातील द्रव वेगळा करतात व शुद्ध करतात. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी व नारायणगाव येथे, या कामासाठी घोडे पाळले गेले आहेत. शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. त्या घोडनदीत इतकी वर्षे राहूनही आपल्या शेतकऱ्यांचे प्राण घोड्याच्या रक्तावर तगतात हे मला ठाऊक नव्हते.

म्हणून जे सज्जन म्हणतात की प्राण्यांवरील प्रत्येक प्रयोग हा निव्वळ जुलूम आहे आणि तो आजच बंद व्हावा, त्यांना मी त्या रात्रीचा बाक दाखवू इच्छितो. पण जे म्हणतात की माणूस वाचला, विषय संपला, त्यांना मी घोड्याचा गोठा दाखवू इच्छितो. मुलगा वाचला याचा आनंद घोड्याला सुईची वेदना झाली नाही असे सिद्ध करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि नीतीचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

दोन आयती, एक समतोल

दिव्य कुरआनात या विषयाचे दोन पदर आहेत. सूरह नहलच्या आरंभी (आयत ५ ते ८) अल्लाहने जनावरे माणसासाठी निर्माण केल्याचे सांगितले आहे. त्यांच्यापासून ऊब मिळते, अन्न मिळते, ती ओझी वाहतात. आणि तिथेच घोड्याचाही नावाने उल्लेख आहे. यावरून प्राण्यांचा उपयोग करून घेण्याची परवानगी स्पष्ट होते.

परंतु सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीत सांगितले आहे की जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सर्व जीव हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि तेही आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील. मूळ शब्द ‘उमम’ हा आहे. हाच शब्द, ‘उम्मत’, आपण स्वतःसाठी अभिमानाने वापरतो. ज्याला उम्मत म्हटले तो केवळ माल किंवा साधन राहत नाही. त्याचा निर्माता त्याला ओळखतो आणि तो निर्मात्याला ओळखतो.

या दोन्ही आयती एकत्र वाचल्या म्हणजे समतोल हाती येतो. प्राणी आपल्या ताब्यात दिले आहेत, पण मालकी अल्लाहचीच आहे. ताबा म्हणजे अमानत. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपण वापरली, तर कशासाठी, किती आणि कशी वापरली याचा हिशेब द्यावा लागतो. सजीवाचा हिशेब वस्तूच्या हिशेबाहून कठीणच असणार.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत हा हिशेब पुन्हा पुन्हा येतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या पापी व्यक्तीला क्षमा मिळाल्याची हदीस आपल्या घरातील लहान मुलांनाही माहीत आहे. एका अन्सारी सहाबींच्या बागेतील उंट प्रेषितांना (स.) पाहून कळवळला, तेव्हा त्यांनी त्याला कुरवाळून शांत केले आणि मालकाला बोलावून जाब विचारला की तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, या जनावराबाबत तुला अल्लाहचे भय नाही का. सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आले आहे की सजीवाला बांधून नेमबाजीचे लक्ष्य करणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) धिक्कार केला. नसाईच्या संग्रहात आहे की चिमणीएवढ्या जीवालाही हक्काशिवाय मारणाऱ्याला अल्लाह जाब विचारील.

शेवटच्या दोन हदीस आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळच्या आहेत. नेमबाजी शिकणे हे त्या काळी उपयुक्त कौशल्य होते, युद्धात लागणारे होते. तरीही हात बसावा म्हणून जिवंत कोंबडी लक्ष्य करणे निषिद्ध ठरले, कारण नेम लाकडावरही शिकता येतो. जिथे निर्जीव वस्तूने काम भागते तिथे सजीवाला वेदना देण्याचा हक्क उरत नाही. आजच्या विज्ञानातील ‘पर्याय’ या तत्त्वाचे मूळ मला या निषेधात दिसते.

"आपण बोकड कापतो, मग उंदराचे काय?"

त्या मुलीच्या भावाचा हा प्रश्न आपल्या बहुतेक घरांत निघतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

कुर्बानीची परवानगी ही वेदनेची परवानगी नाही. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तम रीत अनिवार्य केली आहे; म्हणून जिबह करतानाही सुरीला चांगली धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा. दुसऱ्या एका हदीसमध्ये जनावर पाहत असताना सुरी घासणाऱ्याला प्रेषितांनी (स.) फटकारले आहे. म्हणजे ज्या जनावराचा जीव पुढच्या काही क्षणांत जाणार आहे, त्याच्या भीतीचीही दखल घेतली गेली.

आता प्रयोगशाळेचा विचार करा. जिबहची वेदना क्षणांची असते. प्रयोगातील प्राण्याला रोग दिला जातो, तो दिवस किंवा आठवडे त्या रोगासह जगतो, त्याला रोज टोचले जाते. ज्या शरीअतने क्षणाच्या वेदनेवर एवढ्या अटी घातल्या, ती आठवड्यांच्या वेदनेवर कमी अटी कशा घालील? म्हणून "आपण बोकड कापतो" हा युक्तिवाद उलट दिशेने जातो. आपण बोकड कापतो आणि तो कसा कापायचा हे आपल्याला शिकवले गेले आहे, म्हणूनच उंदराबाबत आपण अधिक दक्ष असले पाहिजे.

इथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी ईदच्या दिवशी गर्दीत, एकामागून एक जनावरे येत असताना, मी स्वतः बांधलेल्या बोकडासमोर सुरीला धार लावली होती. एका लहान मुलाने मला थांबवले. तो मदरशात माझ्याच हाताखाली ती हदीस शिकला होता. बाजारातून टेम्पोत पाय बांधून, एकावर एक रचून आणलेली बकरी आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना प्रश्न विचारण्याआधी आपल्या दारात उभ्या असलेल्या टेम्पोला प्रश्न विचारावा लागेल.

गरजेचे तीन दर्जे

आता मूळ शब्दाकडे वळू. फिकहमध्ये दोन नियम नेहमी एकत्र शिकवले जातात. पहिला असा की निकडीमुळे निषिद्ध गोष्टही करण्याची मुभा मिळते. दुसरा असा की ही मुभा निकडीच्या मापापुरतीच असते. त्या संध्याकाळी दौंडला मी पहिला नियम सांगितला आणि दुसरा विसरलो. भुकेने मरणाऱ्याला मृत जनावराचे मांस खाण्याची मुभा आहे, पण जीव वाचेल इतकेच. मेजवानी करण्याची नाही.

इमाम गजाली आणि त्यांच्यानंतर इमाम शातिबी यांनी मानवी हितांचे तीन दर्जे सांगितले आहेत. ‘जरूरियात’ म्हणजे ज्यावाचून धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता टिकणार नाहीत अशा गोष्टी. ‘हाजियात’ म्हणजे ज्यावाचून जगणे शक्य आहे पण कष्टाचे होते. ‘तहसीनियात’ म्हणजे शोभेच्या गोष्टी. या तीन चाळण्यांतून प्राण्यांवरील प्रयोग गाळून पाहिले म्हणजे बरेचसे धुके निवळते.

सर्पदंशाचे प्रतिविष पहिल्या दर्जात बसते. महामारीवरील लसही त्याच दर्जात बसते. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिन लसीचा प्रयोग २० रिसस माकडांवर झाला. ५-५ माकडांचे ४ गट केले गेले. तीन गटांना लसीचे तीन प्रकार १४ दिवसांच्या अंतराने दोनदा दिले, चौथ्या गटाला लस दिली नाही, आणि मग सर्वांच्या शरीरात विषाणू सोडला. चौथ्या गटातील त्या ५ माकडांचा विचार मनात आणा. त्यांना आजार मिळाला, संरक्षण मिळाले नाही. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय लस उपयोगी आहे की नाही हे कळले नसते. त्या वर्षी आपण कब्रस्तानात ज्या रांगा पाहिल्या, त्या आठवल्या तर याला निकड म्हणावेच लागेल. पण निकड होती म्हणून ती ५ माकडे आपल्या हिशेबाच्या वहीतून पुसली जात नाहीत.

आता तिसरा दर्जा पाहा. लिपस्टिक, शाम्पू किंवा क्रीमसाठी सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून दाह होतो का ते तपासण्याची पद्धत जगभर चालत होती. ही उघड तहसीनियात आहे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली आणि त्याच वर्षी अशा चाचणीतून आलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी घातली. हा निर्णय कोणत्याही फतव्यावरून झाला नाही, पण शातिबींच्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल.

खरा गुंता मधल्या दर्जात आहे, आणि ती मुलगी नेमकी तिथेच उभी होती. शिक्षण ही गरज आहे, संशोधनाचा सरावही गरज आहे. पण ज्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले आहे, तो केवळ पदवीच्या रिवाजासाठी पुन्हा करणे कोणत्या दर्जात बसते? जिवंत कोंबडीवर नेम शिकण्याहून ते किती वेगळे आहे?

कायद्याचे पाच प्रश्न

या शोधात मी देशाचा कायदा वाचला आणि थक्क झालो. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या १४ व्या कलमाने आयुष्य वाचवणाऱ्या, दुःख कमी करणाऱ्या किंवा रोगाशी लढणाऱ्या ज्ञानासाठी प्रयोग करण्यास मुभा दिली आहे. पण १७ व्या कलमाने त्या मुभेला मापे घातली आहेत. प्रयोग दयाबुद्धीने आणि शक्यतो भूल देऊन करावेत. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रपटाने तेवढेच काम होत असेल तिथे ते टाळावेत. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठ्यावर करू नयेत. केवळ हात बसवण्यासाठी शक्यतो करू नयेत. आधी आणि नंतर प्राण्यांची नीट निगा राखावी. मुभा आणि मुभेचे माप, हे तेच दोन नियम आहेत.

१९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते. शास्त्रज्ञ काय करू इच्छितो, याची छाननी ती आधी करते. उंदीर-सशांसारख्या लहान प्राण्यांबाबत ती निर्णय घेते. कुत्रा, माकड यांसारख्या मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव दिल्लीच्या केंद्रीय समितीकडे जातात. अर्जातील प्रश्नांचा गाभा पाच वाक्यांत सांगता येतो. प्राण्यावाचून हे काम होणार नाही का? हाच प्राणी का? इतकेच का? वेदना कमी करण्यासाठी काय कराल? आणि प्रयोग संपल्यावर त्या जीवाचे काय होईल?

यातील पहिले चार प्रश्न जगभर विचारले जातात. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी मांडलेल्या तीन तत्त्वांवर ते आधारलेले आहेत : पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना सौम्य करा. पाचवा प्रश्न, म्हणजे पुनर्वसनाचा, भारताने आपल्या नियमांत आवर्जून जोडला. घोडा रक्त देऊन देऊन म्हातारा झाला, तर त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही. हे वाचताना मला सातव्या हिजरी शतकातील दमास्कसचे विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम आठवले. त्यांनी जनावरांच्या हक्कांची यादी दिली आहे. तिच्यात पहिलाच हक्क असा की जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्या चाऱ्यापाण्याचा खर्च मालकाने करावा.

इब्ने जुहर यांची शेळी

कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्यांचे विज्ञान आणि पाश्चात्त्यांचीच नीती आहे. आपल्याला त्याचे काय? असे म्हणणाऱ्याला आपला इतिहास माहीत नाही.

बाराव्या शतकात अंदलुसच्या सेव्हिल शहरात इब्ने जुहर नावाचे थोर हकीम होऊन गेले. घसा बंद होऊन गुदमरणाऱ्या रुग्णाची श्वासनलिका कापून त्याला वाचवता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. माणसावर थेट प्रयोग करणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी एका शेळीची श्वासनलिका कापली. पण ते तिथे थांबले नाहीत. ती जखम ते मध मिसळलेल्या पाण्याने धूत राहिले, ती पूर्ण भरून आली आणि शेळी पुढे बराच काळ जगली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. शेळ्या पाळणाऱ्या आपल्या शिरूर-दौंडच्या माणसाला या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको. प्रश्न खरा होता, प्राणी एक होता, आणि प्रयोगानंतर तो हकीम त्या प्राण्याचाच हकीम झाला.

त्यांच्याच काळात इब्ने तुफैल या हकीम-तत्त्वज्ञाने ‘हय्य बिन यक्जान’ ही कथा लिहिली. निर्जन बेटावर हरिणीने वाढवलेला हय्य, ती मेल्यावर तिला परत उठवता यावे म्हणून तिची छाती उघडतो. पुढे जाणण्याच्या ओढीने तो जिवंत प्राणीही कापतो. पण ज्ञान परिपक्व झाल्यावर हाच हय्य कोणताही प्राणी किंवा वनस्पती संकटात दिसली तर तिचे दुःख दूर करणे स्वतःवर बंधनकारक करून घेतो. ज्ञान वाढले की हात अधिक हळुवार व्हावा, हा त्या कथेचा धडा मी घेतो.

मुंबईच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. ती सशांवर तपासली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी जाहीरपणे ती टोचून घेऊन लोकांची भीती घालवण्यास मदत केली. सशाने जे सोसले ते स्वतः सोसायची ज्याची तयारी आहे, त्याच्या ‘गरज’ या शब्दाला वजन असते.

दया केली तर विज्ञान मागे पडते, हीही एक गैरसमजूत आहे. कुत्रा चावल्यावर पोटात १४ इंजेक्शने घेतलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. ती लस मेंढ्यांना रेबीज देऊन त्यांच्या मेंदूपासून बनवली जात होती. तिच्यामुळे काही रुग्णांच्या मज्जासंस्थेला गंभीर इजाही होत असे. सुमारे २० वर्षांपूर्वी ती लस बंद झाली आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनणारी लस आली. मेंढी वाचली आणि माणूसही अधिक सुरक्षित झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन थांबवले, त्याने डॉक्टर कमी झाले नाहीत. २०२३ मध्ये आपल्या देशाने औषधांच्या चाचणीसाठी प्राण्यांऐवजी मानवी पेशी व संगणकावर आधारित पद्धतींनाही नियमांत स्थान दिले. पर्याय वाढतील तसतशी ‘निकडी’ची सीमा आक्रसत जाईल. काल जे जायज होते ते उद्या, पर्याय हाती असताना, जायज राहीलच असे नाही.

रिकामी खुर्ची

प्राणी नीतिमत्ता समितीच्या रचनेत एक जागा माझ्या विशेष लक्षात आली. शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य यांच्याबरोबर तिथे एक ‘विज्ञानक्षेत्राबाहेरील, सामाजिक भान असलेला’ सदस्य असावा, असा नियम आहे. म्हणजे शिक्षक, वकील, गृहिणी किंवा आलिम. ज्याला प्रयोगातले बारकावे कळत नाहीत, पण "इतके का?" हे विचारण्याची ज्याची प्राज्ञा आहे, अशा माणसासाठी कायद्याने खुर्ची राखली आहे.

तो सदस्य नुसता सहीचा धनी झाला, चहा पिऊन कागद पुढे सरकवत गेला, तर समिती हा एक शिक्का उरतो. आपल्या समाजातील किती सुशिक्षित माणसांना ही खुर्ची असते हेच माहीत आहे? प्राण्यांवरील दयेच्या हदीस आपण मिंबरवरून सांगतो, आणि जिथे त्या दयेचा निर्णय होतो तिथे आपण नसतो. जिथे संधी मिळेल तिथे आपण ती जबाबदारी घ्यावी, अभ्यास करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

दुरुस्त केलेले उत्तर

पुढच्या आठवड्यात मी दौंडला गेलो आणि त्या मुलीला सांगितले की माझे पहिले उत्तर अर्धे होते. पूर्ण उत्तर असे : खऱ्या निकडीसाठी, पर्याय नसताना, कमीत कमी जीवांवर, कमीत कमी वेदना देऊन आणि नंतरची जबाबदारी घेऊन केलेला प्रयोग जायज आहे. यातील एक अट जरी जाणूनबुजून सोडली, तर समितीची परवानगी असूनही बंदा अल्लाहपुढे जबाबदार राहतो. आणि रकान्यात खोटे किंवा न पडताळलेले लिहिणे ही तर साक्षीतली खोट आहे.

तिने ३६ लिहिले नाही. अर्काची योग्य मात्रा आधी पेशींवर तपासायची आणि मग २४ उंदरांवर काम करायचे, असा आराखडा तिने मांडला. काम दोन महिने लांबले. मार्गदर्शक सुरुवातीला नाराज झाले, पण समितीने तोच आराखडा मंजूर केला. रोज त्या पिंजऱ्यांची सफाई ती स्वतः करते, असे तिच्या वडिलांनी सांगितले. आजीला काय सांगितलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "दादी म्हणते, १२ वाचले त्याचा सवाब घे आणि २४ साठी तौबा करत जा."

मदरशात दहा वर्षे शिकूनही इतका नेमका फैसला मला सुचला नसता. जायज म्हणजे निर्वेध नव्हे. ज्या कामाची मुभा आहे त्यातही मन जड राहू शकते, आणि ते जड राहणे हा दोष नाही. ते इमानाचे लक्षण आहे. ज्याचे मन जड होत नाही त्याच्या हाती मुभा धोक्याची असते.

सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा आहे की कयामतच्या दिवशी हक्क परत केले जातील, इतके की बिनशिंगी बकरीला शिंगवाल्या बकरीकडून तिचा बदला मिळवून दिला जाईल. ज्या न्यायालयात बकरीची तक्रार बकरीविरुद्ध ऐकली जाते, तिथे बकरीची तक्रार माणसाविरुद्ध ऐकली जाणार नाही, असे कोण म्हणेल?

तेव्हा माझ्या बंधू-भगिनींनो, आपली मुले विज्ञान शिकत असतील तर त्यांना थांबवू नका. त्यांना हे पाच प्रश्न शिकवा. घरात कोणाला साप चावला तर मंत्राकडे न जाता तातडीने दवाखान्यात न्या, आणि बरे वाटल्यावर शुक्राच्या दुआत त्या अनोळखी घोड्यालाही आठवा. ईदच्या बाजारातून जनावर आणताना त्याला सावली आणि पाणी द्या, आणि सुरी त्याच्या नजरेआड ठेवा.

अल्लाह आपल्याला त्याच्या सर्व उम्मतींशी न्यायाने वागण्याची सद्बुद्धी देवो, आपल्या रुग्णांना शिफा देवो, आणि त्या शिफासाठी ज्या मुक्या जीवांनी सोसले त्यांच्याबाबत आपल्याला माफ करो. आमीन.